आधी नळ, मग मुंबई

मुंबईला सहकुटुंब जायचं तर माणसं काय काय बघतात? मुलांच्या शाळेची सुट्टी, साहेबाने दिलेली रजा, गाडीचं आरक्षण, आणि घरात आजी असल्या तर अमावास्या. संभाजीनगरच्या शहागंजात या सगळ्यांच्या वर नळ असतात. नळ कधी येणार हे कळल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला बोलवत नाहीत, पाहुणे म्हणून जात नाहीत आणि कुरडयांसाठी गहूही भिजत घालत नाहीत. पूर्वी मुहूर्त गुरुजी काढून द्यायचे. आता तो लाइनमनच्या हातात आहे, आणि लाइनमन गुरुजींपेक्षा फार कमी बोलतो.

रेल्वेने 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी कुरकुर झाली म्हणे. आमच्या गल्लीत कुणी हूं की चूं केलं नाही. ज्याला साठ तासांनंतरचं पाणी ठाऊक नाही, त्याला 120 दिवस काय नि 60 दिवस काय!

त्याच वर्षी नाताळात गल्लीतल्या एका कुटुंबाने मुंबई करायचं ठरवलं. नाव सांगत नाही, मला गल्लीत राहायचंय. आजोबा, आजी, मुलगा, सून, आठ वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी असा संसार. थोरल्याची शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे दिवाळीत गृहपाठ आणि सुट्टी नाताळात. मुलुंडला आत्या राहतात, म्हणजे हॉटेलचा प्रश्न मिटला. आरक्षणही मिळालं. आणि मग घरात बैठक बसली. विषय एकच होता : मागे कोण राहणार?

पूर्वी गावाला जाताना एखादं माणूस घरी ठेवायचे ते चोराच्या भीतीने. ती भीती आता मागे पडली. चोर आला तर पंचनामा होतो, शेजारी गोळा होतात, आठवडाभर सहानुभूती मिळते. नळ येऊन गेले आणि घरात कुणी नव्हतं, असं झालं तर सहानुभूती सोडाच, ‘कशाला तडफडायला गेले होते मुंबईला’ असं लोक तोंडावर विचारतात. सून म्हणाली, मी राहते. सगळ्यांनी ‘छे छे’ केलं, पण जरा सावकाश केलं. शेवटी आजोबा म्हणाले, मी थांबतो. त्यांच्या आवाजात भीष्माचा त्याग होता. खरं कारण निराळं होतं. लेकीकडे सकाळचा चहा सात वाजता होतो आणि आजोबांना तो साडेपाचला लागतो.

मुलाने जाण्यापूर्वी फ्रिजवर एक कागद चिकटवला : आधी पिण्याचं, मग हौद, मग ड्रम, मग वरची टाकी. मोटार पाणी धरल्याशिवाय चालू करू नये. नळी जिन्यातून न्यावी, खिडकीतून नेऊ नये. गेली चाळीस वर्षं या घरात पाणी भरणाऱ्या माणसाला या सूचना होत्या. आजोबांनी चष्मा लावून त्या वाचल्या आणि खाली लहान मुलासारखी सही केली.

खरेदीला शहागंजाच्या माणसाला लांब जावं लागत नाही. घड्याळाच्या मनोऱ्याला एक वळसा घातला की संसार मिळतो. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे दात वाजतात, म्हणून सुनेने दोन्ही मुलांना स्वेटर आणि कानटोप्या घेतल्या. मुंबईत त्या सहा दिवस पिशवीत बसून घाम गाळत होत्या.

आता शहागंजचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण घेतो. या चौकात एके काळी मोठा हौद होता. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली खान याने तो अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधायला घेतला, पुढे त्याच्यालगत मशीद उभी राहिली. उन्हाळ्यात पाण्याची चणचण झाली की हाच हौद शहराला हात द्यायचा, असं इतिहासकार खाफीखानाने नोंदवून ठेवलंय. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी मलिक अंबरने डोंगरातलं पाणी नहरींनी शहरात आणलं होतं. ना वीज, ना पंप, ना निविदा. नुसता जमिनीचा उतार. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी टंचाई आली की लोक शहागंजात पाण्याला यायचे. अजूनही येतात. फरक इतकाच की आता जारचे पैसे सुट्टे द्यावे लागतात.

हल्ली पाणी पैठणहून येतं. तिथल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये केली, उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. 2024 च्या सप्टेंबरात ते धरण असं भरलं की दरवाजे उघडावे लागले. शहरातून गाड्या भरभरून लोक पाणी बघायला गेले. आमचं हे कुटुंबही गेलं. घरात दिसत नाही ते निदान धरणात तरी बघून यावं. धाकटीने तिथे विचारलं, ‘एवढं सगळं पाणी आहे, मग ते घरी का येत नाही?’ बाप म्हणाला, ‘पाइप लहान आहेत.’ ते खरंही होतं. जुनी एक जलवाहिनी 700 मिलिमीटर व्यासाची, दुसरी 1400 ची, दोन्ही वयस्कर. नवी 2500 मिलिमीटरची आहे. तिच्या आत उभं राहून फोटो काढता येतो आणि पुष्कळांनी काढलाही. या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं. धाकटीचा जन्मही त्याच महिन्यातला. योजना तेव्हा 1680 कोटींची होती, पुढे ती 2740 कोटींची झाली. चार वर्षांत धाकटी चालायला लागली, बोलायला लागली, अंगणवाडीत जाऊन भांडायलाही लागली. योजनेचं त्या नाताळापर्यंत फक्त वजन वाढलं होतं.

असो. गाडी वंदे भारत होती. 30 डिसेंबर 2023 ला जालना–मुंबई अशी ती सुरू झाली तेव्हापासून बापाच्या मनात हे तिकीट होतं. आजी गाडीत बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, ‘मनमाडला उतरायचं नाही का?’ त्यांचंही बरोबर होतं. निजामाच्या राज्यातली हैदराबाद–मनमाड लाइन 1900 सालची आणि मीटरगेजची. मुंबईला जायचं म्हणजे वळकटी, ट्रंक आणि पोरं घेऊन मनमाडला अपरात्री गाडी बदलायची. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, पण आजींच्या मनातलं मनमाड गेलं नाही. स्टेशन मागे पडेपर्यंत त्या पिशवी मांडीवर घेऊन तयारीत बसल्या होत्या.

थोरला मात्र जागेवर नव्हता. तो हात धुऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा धुऊन आला. बेसिनखाली हात धरला की पाणी सुटायचं, हात काढला की थांबायचं. चौथ्या खेपेला तो डब्याच्या दारातूनच ओरडला, ‘बाबा, इथे नळ आलेत!’ डब्यातले पाच-सहा जण उठायला लागले. हे जालना आणि संभाजीनगरचे प्रवासी होते. सवय.

मुलुंडच्या घरी पोहोचल्यावर चहा व्हायच्या आत आजींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. लेकीकडे होती-नव्हती तेवढी पातेली, दोन बादल्या, कुकर, अगदी पुरणयंत्राची वाटीसुद्धा भरून ठेवली.

‘आई, अगं रोज येतं पाणी.’

‘आज आलंय ना? मग भरून घे.’

‘उद्याही येईल.’

‘तुझ्या सासूबाईंनी असंच ठेवलंय का शिकवून?’

आत्या गप्प बसल्या. तीस वर्षं मुंबईत काढली की माहेरचं पाणी उतरतं, असा निष्कर्ष आजींनी मनातल्या मनात काढला. मुलांनी तोवर एक-एक आंघोळ उरकली होती आणि दुसरीची तयारी चालली होती. धाकटी मोरीत बसून नळ उघडत होती, बंद करत होती, पुन्हा उघडत होती. तो दर वेळी येत होता. राणीची बाग, चौपाटी, मॉल असली यादी बापाने महिनाभर खपून केली होती. धाकटीने मुंबईतलं मुख्य प्रेक्षणीय स्थळ पहिल्या अर्ध्या तासात शोधून काढलं.

संध्याकाळी जावईबापू घरी आले. जेवताना म्हणाले, ‘यंदा आमच्याकडेही फार वाईट गेलं हो. मेअखेर पाच टक्के, मग जूनमध्ये दहा टक्के पाणीकपात. जुलै संपेस्तोवर.’ हे सांगताना त्यांचा घास हातात राहिला. शहागंजच्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. आजींनी ‘अरे देवा’ म्हटलं, कारण जावयाच्या दुःखाला काहीतरी म्हणावंच लागतं. बापाने मात्र मनातल्या मनात हिशेब मांडला : आठव्या दिवशी नळ म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के कपात. आमच्याकडे हिला कपात म्हणत नाहीत, पाणीपुरवठा म्हणतात.

जावईबापूंना माहिती द्यायची आवड आहे. भातसा, तानसा, मोडक सागर, वरची नि मधली वैतरणा, विहार आणि तुळशी अशी सात तळी त्यांनी बोटांवर मोजली. दिवसाला सुमारे 3,850 दशलक्ष लिटर. विहार 1860 चं, तुळशी 1879 चं, दोन्ही इथेच मागे जंगलात. तानसा शंभर किलोमीटरवर, तिचं पाणी 1892 पासून येतंय. ‘शंभर किलोमीटरवरून रोज?’ बापाने विचारलं. ‘रोज,’ जावईबापू म्हणाले, ‘नवल काय त्यात? पाइप आहे की.’ बापाने कढीचा भुरका मारला. पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण त्याच्या घशात अडकलं असावं.

आता राणीची बाग. ही बुधवारी बंद असते, एवढं बाप घरूनच शोधून आला होता. पंचवीस तारीख बुधवारी आली. तेव्हा त्या दिवशी शहाण्यासारखं घरी बसून गुरुवारी जायचं ठरलं. लोकलची गर्दी, आजींचं ‘लेडीज’मध्ये हरवणं, भायखळ्याला सापडणं, सगळं यथासांग पार पडलं आणि मंडळी फाटकाशी पोहोचली. फाटक बंद. नियम असा की बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग लोकांसाठी उघडी ठेवायची आणि साप्ताहिक सुट्टी गुरुवारी घ्यायची. नाताळात अख्खी मुंबई पेंग्विन बघून गेली होती. फाटकापाशी तशीच आणखी पाच-सात कुटुंबं उभी होती, आणि बोलण्यावरून सगळी घाटावरची. मुंबईच्या माणसाला नियम माहीत नसतो. तो सुट्टी म्हणून बुधवारीच जातो आणि त्याचं बरोबर निघतं. नियम वाचून निघतो तो फसतो.

शुक्रवारी पुन्हा वारी. ही हम्बोल्ट जातीची पेंग्विन मंडळी मूळची पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची. 2016 मध्ये सोलहून आठ जण आले, 2017 च्या मार्चपासून लोकांना दर्शन देऊ लागले. थंडगार खोली, काचेमागे निळं पाणी, आणि त्यात त्यांचं सूर मारणं. लोक मोबाइल वर धरून धक्काबुक्की करत होते. धाकटी बापाच्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिली आणि तिने मोठ्याने विचारलं, ‘बाबा, यांचे नळ कधी येतात?’ आजूबाजूचे हसले. तेवढ्यात एक गृहस्थ वळून म्हणाले, ‘तुम्ही लातूरचे का?’ मराठवाड्याच्या एकात्मतेचं याहून ठोस उदाहरण माझ्या माहितीत नाही.

घारापुरीचा बेत आजींनी हाणून पाडला. लाँचमध्ये तासभर बसून लेणी बघायची, हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘लेणी बघायला समुद्रात कशाला? आपलं वेरूळ तीस किलोमीटरवर आहे, ते तरी कुठं बघितलंय?’ यावर उत्तर नव्हतं. गेटवे बाहेरून झालं, मरीन ड्राइव्ह टॅक्सीतून झालं, मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी आजींनी अर्धा तास घेतला. म्हातारीच्या बुटात थोरला चढला आणि ‘एवढंच?’ म्हणून उतरला.

मात्र बुटासमोरच्या हँगिंग गार्डनमध्ये बाप जो थांबला तो हलेचना. मुलं झुडपांचे कापून केलेले प्राणी बघत होती आणि हा बूट आपटून जमीन ऐकत होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ही बाग म्हणजे मलबार हिलच्या जलाशयाचं छप्पर आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेला जलाशय, दक्षिण मुंबई अजून त्याच्यावर जगते, आणि वर माती पसरून हिरवळ, फुलझाडं, बाकं. टाकीवर झाकण पाहिजे, हे बापाला मान्यच होतं. त्याच्याही घरच्या टाकीवर झाकण आहे : अर्धा पत्रा, त्यावर दोन विटा आणि जुनं टायर. ‘इथे खाली पाणी आहे,’ तो बायकोला म्हणाला. त्याचा स्वर इतका हळवा होता की तिला वाटलं, लग्नाचा वाढदिवस आठवला.

या सगळ्या दिवसांत शहागंज डोळ्यांआड असलं तरी कानाआड नव्हतं. वॉर्डाचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालू होता. ‘आज नळ आहेत का?’ ‘काल रंगारगल्लीत आले.’ ‘प्रेशर नाही.’ ‘सुप्रभात’ (यावर अॅडमिनची ताकीद). मग संदेश आला : मुख्य जलवाहिनी फुटली, सर्व टप्पे एक दिवस पुढे. आजोबांनी फोनवर सांगितलं, ‘काळजी करू नका, मी जागा आहे.’ ते ऐकून सगळ्यांनाच काळजी वाटली.

रात्री दोन वाजता मुलुंडला फोन वाजला. अशा वेळी फोन वाजला की माणसाच्या छातीत धस्स होतं. बापाने थरथरत्या हाताने उचलला. पलीकडून आजोबांचा खणखणीत आवाज आला : ‘नळ आले!’

क्षणात घर उठलं. दिवे लागले. आत्यांनी सवयीने बादली उचलली आणि मग खाली ठेवली. व्हिडिओ कॉल सुरू झाला. पडद्यावर आजोबांचं कपाळ, मग जिना, मग पुन्हा कपाळ.

‘बाबा, मोटार लावली का?’

‘पाणी धरू दे की!’

‘नळी खिडकीतून नेलीय तुम्ही! कागदावर काय लिहिलंय?’

‘तो कागद आण इथं आणि तूच भर!’

शेजारचे चाचा लुंगी सावरत आले. ‘दादा, आप हटो, मैं चढता ऊपर,’ म्हणत त्यांनी नळी खांद्यावर घेतली. आजी मुलुंडहून सूचना देत होत्या, सून ड्रमचा क्रम सांगत होती, थोरला ‘डावीकडचा! डावीकडचा!’ करत नाचत होता, आणि धाकटी अर्धवट झोपेत उठून मोरीत जाऊन नळाखाली तांब्या धरून बसली. एवढ्या गलक्याने वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. दार अर्धवट उघडून त्यांनी हळूच विचारलं, ‘कुणाला बरं नाही का?’

‘नाही हो,’ आत्या म्हणाल्या, ‘माझ्या माहेरी नळ आलेत.’

शेजारी जिना चढून परत गेले. त्यांनी त्यातून काय अर्थ काढला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्याकडून पेढे आले.

सव्वातीनला वरची टाकी वाहिली. वाहिलेलं पाणी चाचांच्या अंगणात उतरलं आणि तिथे त्यांच्या सुनेने ते घंगाळात धरलं. आमच्या गल्लीत दोन्ही घरं एकमेकांचे सण पाळतात, पण पाणी आलं की पंचांग एक होतं, हे निवडणुकीच्या भाषणांत कुणी सांगत नाही. सांगितलं तर पुढचा प्रश्न पाण्याचाच येईल.

मंडळी परतली. शहागंजात दोन दिवस मुंबईच्या हकिगती चालल्या. त्या आठवड्यात इकडे मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी बीबी का मकबऱ्याचा रस्ता अडवला होता, पाणचक्कीच्या हौदाशी लोक पाण्यासोबत फोटो काढत होते. आजोबांनी ते पेपरात वाचलं होतं. ‘तिकडचे इकडे, इकडचे तिकडे,’ ते म्हणाले, ‘आणि पाणी तेवढं जागच्या जागी.’

आता मुलुंडहून निरोप आला आहे. जावईबापूंना मे महिन्यात वेरूळ-अजिंठा करायचं आहे, चार माणसं, आठ दिवस. घरात पुन्हा बैठक बसली. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे जावयांना कळवायचं ठरलं. आजींनी पापडाचं पीठ पुढे ढकललं. शेवटी सगळ्यांच्या संमतीने आजोबांनी स्वतः फोन लावला : ‘या, जरूर या. पण आठ दिवसांसाठी नको, नऊ दिवसांसाठी या. म्हणजे एकदा तरी नळ बघायला मिळतील.’